नाचणाऱ्या मुलीला गाता यावं म्हणून

प्रति,
माननीय महापौर,
सुरत महानगरपालिका, मुगलीसरा, सुरत.

विषय : पालिकेच्या एका मराठी शाळेत संध्याकाळी नृत्य, गायन आणि अभिनयाच्या एकत्रित तालमीसाठी जागा मिळण्याबाबत.



या विषयावर साधा अर्ज करता आला असता. पण अर्जाला टेबल लागतं, आणि या विषयाचं टेबल कोणतं हेच ठरलेलं नाही. शिक्षण समितीला तो सांस्कृतिक विभागाचा वाटेल, सांस्कृतिक विभागाला बांधकामाचा आणि बांधकाम खात्याला नाचगाण्याचा. म्हणून सगळ्यांच्या वर बसलेल्या आपल्यालाच लिहिते, आणि चारचौघांत लिहिते.

मी पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा भाषांतून मुलांना शिकवणाऱ्या पालिकेत नोकरी केली याचा मला अभिमान आहे. लिंबायत, उधना, दिंडोली, नवागाम या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या मुलांना आम्ही बाराखडी शिकवली आणि स्नेहसंमेलनात नाचवलंही. त्यातल्याच एका मुलीमुळे हे पत्र लिहावं लागतंय. तिचं नाव देत नाही, कारण ते तिला आवडणार नाही.

वडील एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, आई घरी साड्यांना स्टोन लावते. मुलगी मुंबईला मावशीकडे राहिली, कॉलेज करताकरता एका वर्गात बॅले शिकली. छंद म्हणून चार महिने नव्हे, चांगली काही वर्षं. सुट्टीत घरी आली की खिडकीच्या गजाला धरून सराव करायची. बॅलेच्या त्या टोकावर उभं राहायच्या बुटांचा नवा जोड आणला की आधी तो ओट्यावर आपटून नरम करायची, कारण पुढचा भाग कापड-कागदाचे थर खळीने चिकटवून लाकडासारखा कडक केलेला असतो आणि मंचावर त्याचा खटखट आवाज येतो. वरून मात्र गुलाबी साटीन. आई एकदा म्हणाली, साटीन तर आमच्या सुरतेत ढिगाने निघतं, मग बूट एवढे महाग कसे?

आपल्या देशात बॅले नाचून महिन्याचा पगार मिळेल अशी जागा शोधून सापडत नाही. म्हणून ती संगीत नाटकांकडे, म्हणजे आता ज्यांना सगळे म्युझिकल म्हणतात त्यांच्याकडे वळली. कामं नाहीत असं नाही. 2015 साली मुंबईत डिस्नेचं ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ भारतीय कलाकारांनी उभं केलं, 2016 मध्ये फिरोज अब्बास खान यांचं ‘मुघल-ए-आझम’ आलं. त्यात मराठी गायिका प्रियांका बर्वे यांनी अनारकली रंगवली, तीही मंचावर प्रत्यक्ष गाऊन. गाणाऱ्या मुली अभिनय आणि पदन्यास शिकून या दारातून आत शिरल्या. नाचणाऱ्या मुलींना हे दार जरा अरुंद आहे.

आमच्या मुलीने एका निवड-चाचणीत नाच छान केला. परीक्षकांनी मग त्याच हालचाली एक कडवं गात करायला सांगितल्या. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीत गिरकी होती. ताण्याचा एक धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो, तसा तिचा सूर तिथे थांबला. पाय चालू, आवाज बंद. परीक्षक चांगले होते, त्यांनी पुन्हा संधी दिली. पुन्हा तेच.

यामागे गळ्याचा दोष नाही, शिक्षणाचा आहे. बॅलेत पोट आत ओढलेलं, बरगड्या मिटलेल्या, मान उंच. कितीही दम लागला तरी तो प्रेक्षकाला दिसता कामा नये. छाती धपापली की वर्गात ओरडा बसतो. गाणाऱ्याला याच्या अगदी उलट हवं. श्वास खाली पोटापर्यंत गेला पाहिजे, बरगड्या उघडल्या पाहिजेत, पोट सैल सुटलं पाहिजे. एका विद्येने वर्षानुवर्षं जे आवळून धरायला शिकवलं, तेच दुसरी विद्या सोडायला सांगते. शिवाय बॅले शिकलेली मुलगी रस्त्यावरसुद्धा पावलं बाहेर वळवून चालते. नाटकात तिला भाजीवाली व्हायचं असेल तर आधी भाजीवालीसारखं चालता आलं पाहिजे. नाच आणि गाणं दोन्ही एका शरीरात बसवायचं तर एकाच छताखाली, एकाच वेळी, गाण्याचा गुरू आणि नाचाचा गुरू समोर असावे लागतात. सकाळी दादरला गाणं आणि संध्याकाळी अंधेरीला नाच असं करून ते जमत नाही.

साहेब, हे दुखणं जुनं आहे आणि जिथे या नाटकांची पेठ आहे त्या न्यूयॉर्कमध्येही ते होतं. 1943 साली ‘ओक्लाहोमा!’ नावाचं नाटक आलं. त्यात पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेला स्वप्न पडतं आणि ते सगळं स्वप्न बॅलेत आहे. नृत्यरचना ॲग्नेस डी मिल यांची. पण गाणारी नायिका जोन रॉबर्ट्सला ते नाचता येणार नव्हतं, म्हणून स्वप्नातली नायिका कॅथरीन सर्गाव्हा ही बॅले नर्तकी झाली. एका भूमिकेला दोन बायका : एक गाते, दुसरी नाचते. प्रेक्षकांनी ते आनंदाने मान्य केलं.

चौदा वर्षांनी, 1957 मध्ये, जेरोम रॉबिन्सने ‘वेस्ट साइड स्टोरी’ बसवलं आणि ही सोय मोडीत काढली. त्यात टोळ्यांमधली पोरं नाचतात, भांडतात, गातात आणि मरतात, आणि हे सगळं तीच पोरं करतात. ॲनिटाची भूमिका चिता रिव्हेराने केली. तिची गोष्ट मला फार आवडते. वडील पोर्तो रिकोचे, वाद्यं वाजवणारे. ती लहान असतानाच गेले. पोरगी घरात इतकी उड्या मारायची की एक टेबल मोडलं, आणि आईने तिला बॅलेच्या वर्गात घातलं. पुढे बॅलन्शिन या नृत्यरचनाकाराच्या न्यूयॉर्कमधल्या बॅले शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथे शिकत असताना मैत्रिणीला सोबत म्हणून एका संगीत नाटकाच्या चाचणीला गेली आणि निवड हिचीच झाली. बॅले तिने पायात ठेवलं, बाकीचं कामाच्या ठिकाणी, रोज, इतरांबरोबर शिकत गेली. 2024 मध्ये ती गेली तेव्हा जगाने तिला संगीत नाटकाची राणी म्हणून निरोप दिला.

त्या मानाने अलीकडचं उदाहरण हवं तर ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’चं आहे. 2015 मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, दिग्दर्शक क्रिस्टोफर व्हीलडन हे बॅलेतलेच. नायिका लीअ‍ॅन कोप लंडनच्या रॉयल बॅलेची, नायक रॉबर्ट फेअरचाइल्ड न्यूयॉर्क सिटी बॅलेचा. दोघांनाही गाण्याची तयारी जवळजवळ नव्याने करावी लागली, आणि त्या वर्षी दोघांची नावं टोनी पुरस्काराच्या नामांकनांत होती. बॅलेच्या मुलीला गाता येतंच, फक्त तसं शिकवणारं कुणी आणि तशी जागा लागते.

आता आपल्या घरचं बघू. मराठी संगीत नाटक 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून उभं राहिलं आणि गळ्याच्या जोरावर शंभर वर्षं चाललं. तिथे नट एका जागी उभा राहायचा आणि सूर थिएटरभर फिरायचा. वन्समोअर पदाला मिळायचा, पावलाला नाही. दुसऱ्या बाजूला तमाशा आणि संगीतबारी. वाईच्या यमुनाबाई बसून लावणी म्हणायच्या, अदाही त्याच करायच्या, दोन्ही एकाच बाईत होतं. आज संगीतबारीत बहुतेक वेळा मागे बसून एक गाते आणि पुढे दुसरी नाचते. ‘ओक्लाहोमा!’वाल्यांनी काढली तीच वाट.

मराठीत ही फारकत मिटवली ती ‘घाशीराम कोतवाल’ने. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात पहिला प्रयोग झाला. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण म्हणजे या नाटकाचा पडदा, भिंत, गर्दी आणि वाद्यवृंदाचा अर्धा भाग. तेच गातात, तेच डुलतात, पाठ फिरवली की रस्ता तयार होतो. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. दिग्दर्शक जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. बाकीची पोरंही नोकऱ्या-कॉलेजं सांभाळून येणारी. हौशी माणसांनी रोज संध्याकाळी एकत्र घाम गाळून हे उभं केलं आणि 1980 मध्ये ते युरोपला घेऊन गेले. त्यांच्याकडे पैसा नव्हता. रोज जमायला जागा मात्र होती.

आणि सुरतेचं काय? गात नाचणं ही सुरतेला कुणी बाहेरून आणून द्यायची गोष्ट नाही. आमच्या गल्लीत अजून नवरात्रीला शेरी गरबा होतो. एक बाई ओळ उचलते, फेरातल्या बाकीच्या ती झेलतात. टाळी, वळण, पुन्हा टाळी, आणि पुढची ओळ. मी उभी राहून नीट पाहिलंय : उचलणारी बाई वळणाच्या आधी ओळ संपवते आणि इतर झेलत असताना श्वास भरून घेते. श्वासाची सोय त्या रचनेतच आहे, कुणी वर्गात शिकवलेली नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशी घरांत कानबाई बसते, आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन बाया गात-नाचत निघतात. तिथेही तेच. पार्टी प्लॉटमध्ये मात्र गायक मंचावर, स्पीकरच्या भिंती दोन्ही बाजूंना आणि खाली हजारो लोक तोंड मिटून नाचतायत. म्हणजे तिथेही गाणारा एक आणि नाचणारा दुसरा झालाच.

आमची ही मुलगी लहानपणी शेरीतल्या गरब्यात ओळ उचलायची. मुंबईहून हिरमुसून परत आली तेव्हा तिला मी तेच करायला सांगितलं. आधी फेरात चालत गा, मग बॅलेची पावलं घाल, वळणाच्या आधी ओळ सोड. काही दिवसांनी एका कडव्यात दोन गिरक्या आणि सूर शाबूत, एवढं जमलं. मी गाण्याची गुरू नाही, नाचाची तर अजिबात नाही. माझ्यासारख्या शाळामास्तरणीला एवढं जमतं, तर खरे शिक्षक मिळाले तर काय होईल?

अडचण आली ती पायाखाली. आमच्या घरांत, सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेत, सगळीकडे सिमेंटवर टाइल्स. उडी मारून उतरताना पायावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. टाइल तो झेलत नाही, सगळा परत नडगीत जातो. नडगी दुखायला लागली की आठवडे फुकट. याला जमीन वेगळी लागते आणि ती करायला अवघड नाही : खाली रबराचे तुकडे, त्यावर उभ्या-आडव्या लाकडी पट्ट्यांची जाळी, तिच्यावर प्लायवूडचे दोन थर आणि वरून न घसरणारं विनायल. आपल्या उधन्याचे सुतार आठवडाभरात करून देतील. बरोबर भिंतीला एक आरसा आणि कमरेच्या वर हात टेकेल असा लाकडी दांडा. बस.

तुम्ही म्हणाल, लिंबायतमध्ये पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी घरात शिरतं, तिथे बॅलेची जमीन कुठून आणली? तुमचं बरोबर आहे. खाडीचं काम आधी करा. मी नवी इमारत मागतच नाही. पालिकेच्या शाळा शेवटची पाळी सुटल्यावर रात्रभर कुलपात असतात. एका शाळेचा एक हॉल संध्याकाळी सहा ते नऊ उघडा, एवढंच.

हे मुंबईत होऊन गेलं आहे. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने मुंबई महापालिकेच्या माहीमच्या शाळेत वर्षानुवर्षं तालमी केल्या, प्रयोग केले. त्यांच्या ‘चंद्रशाला’ या बालनाट्य विभागाने मुलांना घेऊन ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य बसवलं, आणि मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या त्यात नाचल्या, गायल्या. त्यातली काही पुढे व्यावसायिक रंगभूमीवर आणि सिनेमात गेली. महापालिकेची शाळा आणि संध्याकाळची मोकळी वेळ यांतून एवढं निघालं.

दुसरा आक्षेप येईल तो असा की बॅले हा वेसू-पीपलोदच्या श्रीमंत मुलींचा नाद. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकाने घडवलेली दोन मुलं पाहा. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, अमीरुद्दीन शाह नवी मुंबईतल्या वेल्डरचा. अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. त्यांच्यावर सूनी तारापोरवाला यांनी ‘ये बॅले’ हा सिनेमा केला, त्यात मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका केली. दोघांसाठी कुणीतरी दार उघडं ठेवलं, म्हणून ते आत गेले. पैसे बापाकडे नव्हतेच.

आणि परकी कला म्हणाल तर बडोद्याकडे बघा, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्याला आल्या. भरतनाट्यम तेव्हा गुजरातला बॅलेइतकंच अनोळखी होतं. संस्थानाने त्या कलावंतांना ‘कलावंत कारखाना’ या खात्यात पगारावर घेतलं. 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा उघडली. त्याच नर्तकींच्या घरातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्याचे गुरू झाले. आज गुजरातच्या गावोगाव मुलींची अरंगेत्रं होतात. एका राज्यकर्त्याने पगार आणि जागा दिली, त्याचं हे फळ. सुरतेला संस्थान नाही, पालिका आहे, आणि पालिकेचं अंदाजपत्रक त्या काळच्या संस्थानांनी हेवा करावा एवढं आहे.

पालिका नाटकासाठी काहीच करत नाही असं म्हणायला मी धजणार नाही. चंद्रवदन मेहतांसारखा नाटककार या शहराने दिला. पालिका दरवर्षी गुजराती नाट्यस्पर्धा भरवते. पाल भागात संजीवकुमारांच्या नावाने मोठं सभागृह आहे. ते म्हणजे आपल्या सुरतेचे हरिहर जरीवाला, सिनेमात जाण्याआधी रंगभूमीवर घडलेले. पण सभागृह म्हणजे नाटकाचा शेवटचा दिवस. त्याआधीच्या शंभर संध्याकाळी कुठे काढायच्या, हे आपल्याकडे कुणी विचारलेलंच नाही. त्यामुळे होतं काय, तर ज्या मुलीला गात नाचायचं आहे ती पहाटे फ्लाइंग राणी पकडून मुंबईला जाते आणि एक दिवस तिकडेच राहते. शहराला आपली पोरं फक्त पुरस्कार मिळाल्यावर सत्कारासाठी परत मिळतात.

माझ्या मागण्या चार आहेत.

लिंबायत किंवा उधना झोनमधल्या पालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये वर सांगितली तशी लाकडी जमीन, आरसा आणि दांडा बसवावा. सकाळी तिथे शाळेचीच मुलं कवायत करतील, नाचतील. जमीन वाया जाणार नाही.

संध्याकाळी तिथे गायन, नृत्य आणि अभिनय हे तीन शिक्षक मानधनावर नेमावे आणि त्यांचं वेळापत्रक एकत्र असावं. बॅले, भरतनाट्यम, कथक, गरबा, लावणी यांपैकी काहीही येत असलेल्या मुलामुलीला प्रवेश असावा, आणि दर महिन्याची फी शिकवणी क्लासच्या फीपेक्षा कमी असावी.

नाट्यस्पर्धेत संगीत-नृत्यनाटकाचा वेगळा विभाग सुरू करावा आणि पालिका ज्या भाषांतून शाळा चालवते त्या सर्व भाषांना तो खुला ठेवावा. मराठीबरोबर उडिया आणि तेलुगू नाटकंही येऊ द्या. मग कळेल आपल्या शहरात किती सूर आहेत ते.

आणि अशा गटांना सभागृहात प्रयोगाआधी एक पूर्ण दिवस रंगीत तालमीसाठी सवलतीच्या दरात मिळावा. गाणं, नाच आणि प्रकाश एकत्र बसवणं तासाभरात होत नाही.

यातून उद्याच चिता रिव्हेरा निघेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पहिल्या वर्षी कदाचित पंधरा मुलं येतील, त्यातली सात टिकतील. शिक्षिका म्हणून एवढी टिकली तरी मला चालतात, वर्ग त्यांच्यावरच उभा राहतो. दुसऱ्या वर्षी त्या सातांना बघून येणारे वेगळे असतात.

नव्या वर्षाचं अंदाजपत्रक स्थायी समितीसमोर यायला फार दिवस नाहीत. जमिनीचा खर्च आणि तीन शिक्षकांचं मानधन अशा दोन रकमा त्यात घालाव्यात. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणं, सुतारांची दरपत्रकं गोळा करणं, शिक्षकांच्या मुलाखतींना बसणं ही कामं मी आणि माझ्यासारख्या चार निवृत्त बाया विनामोबदला करू. शाळेची किल्ली संध्याकाळी कुणाकडे राहील हा प्रश्न निघणारच, तर ती माझ्याकडे द्या. रात्री नऊला कुलूप लावून सकाळी शिपायाच्या हाती परत देण्याची जबाबदारी माझी.

कळावे,

आपली,
पालिकेच्या मराठी शाळेतली एक निवृत्त शिक्षिका
लिंबायत, सुरत